माग बदलले, कामगाराला दरमहा किमान उत्पन्न मिळावे का?

इचलकरंजीकर (प्रश्न):
आमच्याकडे साध्या यंत्रमागांच्या जागी धोट्याविना, म्हणजे आडवे सूत ने-आण करणाऱ्या भागाविना, चालणारे रेपिअर आणि एअरजेट माग येत आहेत. साध्या मागावर धोट्यातली कांडी, म्हणजे आडव्या सुताची छोटी गुंडाळी, काही मिनिटांत संपते आणि ती बदलायला माणूस लागतो. नव्या मागावर बाण्याचे, म्हणजे आडवे, सूत थेट मोठ्या गुंडाळीवरून (कोनावरून) जात असल्याने कामगार कमी लागतातच, शिवाय कांड्या भरण्याचे काम मुळातूनच नाहीसे होते. अशा वेळी सर्वांना बिनशर्त दरमहा ठरावीक रक्कम देणे हा उपाय ठरेल, की काम मागणाऱ्याला गप्प बसवण्याची ती सोय होईल?

आकडेमोड:
आधी हिशेब पाहू. केंद्राच्या २०१६-१७ च्या आर्थिक पाहणी अहवालात या कल्पनेवर स्वतंत्र प्रकरण होते आणि त्यात माणशी वर्षाला ७,६२० रुपये, म्हणजे महिन्याला ६३५ रुपये धरले होते. एवढ्यात खोलीचे भाडेही भागत नाही. महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेनुसार ११.२४ कोटी लोक होते. तेवढ्यांना महिन्याला हजार रुपये द्यायचे म्हटले तरी वर्षाला सुमारे १ लाख ३५ हजार कोटी लागतील. लाडकी बहीण योजना म्हणजे मूलभूत उत्पन्न नव्हे, कारण तिला वयाची आणि उत्पन्नाची अट आहे. खरोखर गरजू असलेल्यांनाच द्यावे, असे माझे मत आहे.

कांडीवालीचा मुलगा:
पैसे मिळाले की माणूस आळशी होतो, हा आक्षेप इथे अजून कोणी घेतला नाही, याचे नवल वाटते. मध्य प्रदेशात ‘सेवा’ या स्वयंरोजगार करणाऱ्या महिलांच्या संघटनेने काही गावांत प्रौढांना सुरुवातीला महिन्याला २०० रुपये बिनशर्त दिले, तेव्हा अनेकांनी दुसऱ्याच्या शेतावरची मजुरी कमी करून स्वतःच्या शेतीकडे आणि जनावरांकडे लक्ष वळवले. मात्र त्यांच्याकडे थोडीफार जमीन होती. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या विणकराकडे दोन हातच असतात, त्यामुळे तो अनुभव जसाच्या तसा इकडे लागू होणार नाही.

इचलकरंजीकर:
म्हणूनच मला रोजगार हमी आठवते. १९७२ च्या दुष्काळानंतर विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून ती उभी राहिली आणि १९७७ च्या कायद्याने कामाचा हक्क मिळाला, पण तो ग्रामीण भागातल्या अंगमेहनतीच्या कामाचा. पन्नाशीच्या विणकराला पाझर तलावाच्या कामावर पाठवून काय साधणार? उलट नवी यंत्रे घेण्यासाठी केंद्राने १९९९ पासून तंत्रज्ञान सुधारणा निधीतून मदत दिली, तेव्हा मालक आळशी होईल का, असे कोणी विचारले नाही. त्याच मदतीत कामगाराचा वाटा आधीच ठरवायला हवा होता.

कांडीवालीचा मुलगा:
वाटा ठरवायचा तर कामगार कोण, हे आधी कागदावर असावे लागते. आकडेमोड यांनी ‘गरजू’ म्हटले, पण ते शोधायचे कुठे? माझी आई घरी कांड्या भरायची. जितक्या कांड्या तितके पैसे, आणि वीज गेली की त्या दिवसाची मजुरीही गेली. तिचे नाव कोणत्याही हजेरीपटावर नव्हते.