पॉवर विडर सकाळी सुरू करताना निळा धूर, रिंगा गेल्या का?

आलेवाला_कोरेगाव: मंडळी, सात एचपीचा पेट्रोल विडर (तण काढायचं, माती भुसभुशीत करायचं मशीन) आहे, फोर स्ट्रोक. सकाळी दोरी ओढली की भकाभका निळसर धूर, मिनिटभरात बंद होतो आणि मग दिवसभर साफ चालतो, लोडला पण दम आहे. मिस्त्री म्हणतो इंजिनातल्या पिस्टनच्या रिंगा गेल्यात, रिंगा-पिस्टन बदला. आल्याला भर लावायची आहे, म्हणजे बुडाशी माती चढवायची, थांबता येत नाही. दीड-दोन हजारात बसेल असं सांगा.

द्राक्षबाग_निफाड: पेट्रोलच्या नादी लागू नका दादा, डिझेल घ्या. माझा तीन हंगाम झाले, तेल बदलण्यापलीकडे हात लावला नाही.

रानवाट: डिझेल जड पडतं, आल्याच्या सरीत वळवून दाखवा आधी. आणि दोन हजारात डिझेल कुठे येतं?

फिटर_अण्णा: रिंगा गेल्या असत्या तर लोडवर सतत धूर आला असता आणि दम पण गेला असता. तुमचा फक्त सुरुवातीला येतो म्हणजे रात्रभरात तेल सिलिंडरमध्ये उतरतंय. एकतर इनटेक व्हॉल्व्हचं सील (तेल अडवणारं रबर), नाहीतर तेल जास्त, नाहीतर मशीन आडवी ठेवलीय. एअर फिल्टर उघडा, फोम तेलाने ओला आहे का बघा. काळा धूर असता तर चोक नाहीतर फिल्टर म्हटलं असतं.

शिवार_७: अण्णांशी सहमत, सील बघा. माझ्याकडे हेच झालं होतं आणि दुकानदाराने अख्खा हेड बदलायला लावला, अजून राग आहे.

द्राक्षबाग_निफाड: २०डब्ल्यू४० टाका, जाड तेल उतरत नाही.

फिटर_अण्णा: जाड तेलाने धूर झाकला जाईल, कारण जाणार नाही. पुस्तकात १०डब्ल्यू३० लिहिलं असेल तर तेच टाका.

आलेवाला_कोरेगाव: फिल्टर ओला आहे खरा. मशीन पिकअपमधून कलती करूनच येते, दोन प्लॉट लांब आहेत. पण तेल तर मोजायच्या काडीवर बरोबर दाखवतं.

फिटर_अण्णा: काडी आटे फिरवून बसवून बघता की नुसती टेकवून? बहुतेक अशा इंजिनात सपाट जागेवर नुसती टेकवून बघायची असते. आटे बसवून मोजलं की पातळी जास्त दिसते. आणि काडीचा वास घ्या, पेट्रोलचा आला तर कार्बोरेटरची पेट्रोल अडवणारी सुई धरत नाही, पेट्रोल तेलात उतरतंय. वाहतुकीत पेट्रोलचा कॉक बंद ठेवा आणि कार्बोरेटरची बाजू वर राहील अशी मशीन ठेवा. तेल बदला, फोम पेट्रोलने नको, साबणाच्या पाण्याने धुवून वाळवा, मग दोन सकाळी मशीन उभी ठेवून बघा. याला पाचशे पण लागणार नाहीत.

रानवाट: तेच म्हणतोय, आडवी ठेवू नका.

आलेवाला_कोरेगाव: वास येतोय थोडा. तेल आजच काढलं, कॉक पण बंद केला. पण मिस्त्री उद्या येतोय, परत पंधरा दिवस मिळणार नाही, म्हणून पिस्टन-रिंग किट मागवलंय. भर लावायच्या मध्यात मशीन बसली तर माणसं लावून परवडत नाही.

फिटर_अण्णा: तुमचा निर्णय. मग मिस्त्री हेड उघडणारच आहे तर सील पण बदलून घ्या, आणि सिलिंडरच्या भिंतीवर नख फिरवा. ओरखडा नखाला लागत नसेल तर बोअर करू (सिलिंडर आतून कापून मोठा करू) देऊ नका. किट न वापरता परत करता येतं का ते दुकानात आजच विचारा.