आपल्याकडं बॉम्ब पडला नाही, पण विमानं गेली होती : अनुभव धागा

गावभागवाला (सांगली)
मंडळी, जुन्या लढाऊ विमानांचं येड असलेले आपल्या सांगली-साताऱ्यात बरेच जण निघाले, म्हणून धागा काढतोय. आपल्याकडं हवाई हल्ला झाला नाही हे मान्य. पण साताऱ्यातली गावंच्या गावं फौजेत, मुंबईच्या गोदीत आपलीच माणसं, ७१ चा ब्लॅकआउट आपण पण पाळलेला, म्हणजे घरात काहीतरी ऐकलेलं असणारच. ते लिहा. फक्त "फार वर्षांपूर्वी" असं मोघम नको, सण, पीक, कुणाचं लग्न, कशाशी तरी जोडून लिहा म्हणजे तारीख काढता येते. म्युझियममध्ये विमान बघितलं असेल तर त्याची तब्येत कशी आहे तेपण सांगा, नुसता सेल्फी नको.

माझ्या घरचं एवढंच: खिडक्यांना ब्राऊन पेपर, रस्त्यावरच्या गाड्यांच्या हेडलाईट वरनं अर्ध्या काळ्या रंगवलेल्या, आणि फट दिसली की गल्लीतली पोरं "ओ काकू, लाईट!" म्हणून ओरडायची. आई म्हणती पोरांना भीती कमी आणि मजा जास्त होती.

मळणीवाला (पाटण)
आमचे आजोबा सांगायचे की खळ्यावर भाताची मळणी चालली होती आणि सकाळी सकाळी डोंगराच्या वरनं एवढा आवाज गेला की बैलं बुजली. वर्ष विचारलं की म्हणायचे "गोवा घेतला तेव्हाचं". आम्ही सगळे हसायचो, गोवा कुठं पाटण कुठं. नंतर मी नकाशावर पट्टी ठेवली तर पुण्याचं लोहगाव विमानतळ ते गोव्याचं दाबोळी विमानतळ ही रेष जवळजवळ सरळ दक्षिणेला जाते, साताऱ्याला पश्चिमेकडनं घासून बरोबर पाटणच्या अंगावरनं. आणि १८ डिसेंबर १९६१ ला सकाळी पुण्याहूनच १२ कॅनबेरा बॉम्बर विमानं दाबोळीची धावपट्टी फोडायला गेली होती, विंग कमांडर मेनन यांच्या हाताखाली. विमानं पट्टी लावून उडत नाहीत हे मलापण कळतं, पण डिसेंबर, मळणी, सकाळ, तिन्ही बसतंय. आजोबा असते तर अजून दहा प्रश्न विचारले असते.

सांबरा-मिरज
@मळणीवाला, भारी! त्याच दिवशी आमच्या बाजूनं, म्हणजे बेळगावच्या सांबऱ्यावरनं, हंटर विमानं गेली आणि बांबोळीचं वायरलेस स्टेशन रॉकेटनी उडवलं. दाबोळीला मात्र टर्मिनल आणि टॉवरला हात लावायचा नाही असा हुकूम होता, फक्त धावपट्टी. तर पोर्तुगीजांनी रात्रीत खड्डे बुजवून घेतले आणि एक सुपर कॉन्स्टेलेशन आणि एक डीसी-४ अशी दोन प्रवासी विमानं अंधारात उडवून कराचीला पळवली. मला कराचीचा भाग जास्त आवडतो, शत्रू असला तरी त्या पायलटला मानलं पाहिजे.

कुपवाडचा फिटर
वरच्या सुपर कॉन्स्टेलेशनवरनं आठवलं. वास्कोच्या नेव्हीच्या म्युझियममध्ये एक उभी आहे आणि लोक पोरांना सांगतात "हेच ते पोर्तुगीजांचं विमान". अहो नाही! ते आपलंच, आधी एअर इंडिया, मग एअरफोर्स, मग नेव्ही असं फिरलेलं. सी हॉक आणि अलिझे विमानं पण तिथंच आहेत, विक्रांत या विमानवाहू जहाजावरची जात, ७१ ला विक्रांतच्या सी हॉकनी चितगाव आणि कॉक्स बाजारवर हल्ले केले होते.

आता तब्येतीचं. मी शीटमेटलवाला माणूस, माझी नजर आधी रिव्हेटवर जाते. समुद्राच्या खाऱ्या हवेत उघड्यावर उभ्या ॲल्युमिनियमच्या पत्र्याला लोखंडासारखा तांबडा गंज येत नाही, जोडावर पांढरी पावडर धरते आणि पत्रा आतनं फुगतो. जिथं स्टीलचा बोल्ट ॲल्युमिनियममध्ये बसलाय तिथं सगळ्यात आधी. वरनं रंगाचा कोट मारला की बाहेरनं चकाचक आणि आतनं भुगा. पोटाखालची पाणी निघायची भोकं साफ ठेवली, पक्ष्यांची घरटी काढली तरी निम्मं काम होतं, त्याला फार पैसा पण लागत नाही. छप्पर मिळालं तर सोन्याहून पिवळं. चौकात खांबावर विमान चढवून दिवाळीला लायटिंग करायची हौस मला पटत नाही, स्पष्ट बोलतो.

साताऱ्याची लेक
आमची पणजी म्हणायची "जपान्यानं मुंबईवर बॉम्ब टाकला तेव्हा तुझा पणजोबा गोदीत होता". मुंबईवर जपानी बॉम्ब पडलेला नाही, विशाखापट्टणम आणि काकीनाड्यावर एप्रिल १९४२ ला पडले, कलकत्त्यावर त्याच डिसेंबरात. पणजी सांगायची तो गोदीतल्या फोर्ट स्टिकिन बोटीचा स्फोट, १४ एप्रिल १९४४, दारूगोळा, कापूस आणि सोन्याच्या विटा एकाच बोटीत. पण खोटं ती बोलत नव्हती हां, त्या दिवशी निम्म्या मुंबईला विमानंच आली असं वाटलेलं. म्हणून मी घरातली गोष्ट खोडत नाही, शेजारी खरी तारीख लिहून ठेवते.

आयर्विनकाठ
माझे वडील एअरफोर्समध्ये एअरमन, नॅट या छोट्या लढाऊ विमानावर काम केलेलं. २०१९ च्या पुरात घरात पाणी शिरलं आणि अल्बम तीन-चार दिवस पाण्यात. ज्यांचे अजून असे फोटो आहेत त्यांच्यासाठी सांगतो, ओले चिकटलेले फोटो वाळवून मग ओढू नका, फाटतात. स्वच्छ गार पाण्यात ठेवून सावकाश सुटे केले आणि तोंड वर करून सावलीत वाळवले. काही गेलेच. पण एका फोटोत विमानाच्या मागच्या अंगावर ई नं सुरू होणारा नंबर वाचता आला, त्यावरनं स्क्वाड्रन शोधायचं चाललंय. वडील त्यात पान्यासकट हसतायत, हातावर ग्रीस.

डाकोटाप्रेमी (कराड)
आपल्याकडं जपणूक होत नाही असं रडणाऱ्यांसाठी: परशुराम नावाची डाकोटा, म्हणजे जुनं मालवाहू विमान. आयर्लंडमध्ये भंगारात निघालेली, तेव्हाचे खासदार राजीव चंद्रशेखर यांनी घेऊन इंग्लंडमध्ये दुरुस्त करून घेतली, वडील एअर कमोडोर चंद्रशेखर डाकोटाचे पायलट म्हणून. २०१८ ला उडत उडत भारतात आली. आणि लिबरेटर बॉम्बर? दुसरं महायुद्ध संपल्यावर कानपूरला टाकून दिलेले, जाताना मुद्दाम मोडून ठेवलेले, एचएएल या आपल्या विमान कारखान्यानं त्यातले चाळीसेक उभे केले आणि १९६८ पर्यंत उडवले, ६ नंबर स्क्वाड्रन तर पुण्यात होती. आज लंडनच्या आरएएफ म्युझियममध्ये उभा आहे तो आपल्याकडचाच.

@मळणीवाला, एक विचारायचं राहिलं. दाबोळीवर दुसरी फेरी पण झाली होती, ८ कॅनबेरांची. आजोबा आवाज एकदाच म्हणायचे की दोनदा? भावकीत त्या खळ्यावर अजून कोण होतं का बघा, मी रविवारी पाटणला येतोच आहे.