डँडेलियन, घोळ, बिच्छूबुटी: उपटलेल्या तणाचं नेमकं काय करायचं?

प्रश्न: हिरवळ_कंटाळा

बागेच्या एका पट्ट्यात डँडेलियन, घोळ, रुंद पानांचं प्लांटेगो आणि बिच्छूबुटी यांनी ठाण मांडलंय. उपटणं चालू आहेच, पण उपटलेलं सगळं फेकून द्यायचं जिवावर येतं. शोधायला जावं तर प्रत्येक तण शंभर रोगांवरचा रामबाण निघतं आणि प्रमाण मात्र कुणीच सांगत नाही. म्हणून थेट विचारतो:

१. डँडेलियनचा कोणता भाग कधी काढायचा? पानं कडूजहर लागतात, त्यावर उपाय काय?
२. मूळ भाजून कॉफीसारखं पेय केलं की नुसतं करपट आणि कडू लागतं. चुकतं कुठे?
३. फुलांचं तेल मुरायला ठेवलं की आठवड्यात वर बुरशी धरते.
४. औषध म्हणून खरोखर काय उपयोग होतो, आणि कुणी टाळावं?
५. बाकीच्या तिघांचं काय करता येईल?

'शरीरातली घाण निघून जाते' छापाची उत्तरं कृपया नकोत.

प्रतिसाद: खुरपं_आणि_पाटी

आधी ओळख पक्की करा. डँडेलियनची सगळी पानं जमिनीलगत एका चक्रात येतात आणि त्यांचे दाते टोकाकडे नसून मुळाकडे वळलेले असतात. फुलाचा दांडा पोकळ असतो. त्याला पानं नसतात, फाटे नसतात आणि एका दांड्यावर एकच फूल. कुठेही तोडा, पांढरा चीक येतो. दांडा भरीव व फाटे फुटलेला आणि पानं केसाळ असतील तर ते त्याचं चुलतभावंड आहे. उभ्या खोडावर पानं असतील तर आणखी वेगळं. आपल्याकडे बरेच जण म्हातारी उडताना दिसली की एकदांडीलाच डँडेलियन म्हणतात. एकदांडीची पानं खोडावर समोरासमोर येतात, खरखरीत असतात आणि तिला चीक नसतो.

पानं: कळी दिसायच्या आधी, चक्राच्या मधली कोवळी काढा. फूल आलं की कडवटपणा झपाट्याने वाढतो, कारण तो चिकातून येतो. यावर सर्वांत चांगला उपाय स्वयंपाकघराबाहेरच आहे: झाडावर कुंडी उलटी घाला, तळाचं भोक बुजवा आणि ७ ते १० दिवस तसंच ठेवा. उजेड न मिळाल्याने नवी पानं फिकट आणि बरीच सौम्य येतात. कुंडी अगदी घट्ट बसवून आत दमटपणा कोंडला तर मात्र पानं सडतात, म्हणून एका बाजूने काडीभर उचलून ठेवा. जून पानंच वापरायची असतील तर भरपूर उकळत्या पाण्यात २-३ मिनिटं टाकून ते पाणी ओता. कडवटपणा जातो, पण क जीवनसत्त्व आणि पोटॅशियमही त्याच पाण्याबरोबर जातात.

मूळ: तुमची बहुतेक चूक भाजण्यात नसून काढण्याच्या वेळेत आहे. मुळात इन्युलिन नावाचा पिष्टासारखा साठा असतो. वसंतात तो वाळलेल्या मुळाच्या जेमतेम २ टक्के असतो आणि शरदाच्या अखेरीस ४० टक्क्यांपर्यंत जातो. भाजताना हाच साठा फुटून फ्रुक्टोज तयार होतं, ते तांबूस होतं आणि गोडसर खमंगपणा येतो. वसंतात उपटलेल्या मुळात भाजायला गोडी नसतेच, कडूपणा तेवढा उरतो.

कृती: थंडी सुरू होण्याच्या सुमारास, किमान दोन वर्षांच्या झाडांची मुळं काढा. ब्रशने घासून धुवा, सोलू नका. साधारण ५ मिलिमीटरचे सारखे तुकडे करा. ५० ते ६० अंश सेल्सियसला, तुकडा वाकवल्यावर कट्कन मोडेपर्यंत वाळवा. १ किलो ओल्या मुळाचे २०० ते २५० ग्रॅम उरतात. मग १६० अंशांना २० ते ३० मिनिटं भाजा आणि दर ५ मिनिटांनी हलवा. रंग गडद तपकिरी झाला की बाहेर काढा, काळा होण्याची वाट पाहू नका, कारण गरम तुकडे बाहेरही थोडे भाजत राहतात. करपट चव बहुधा लहानमोठे तुकडे एकत्र भाजल्याने येते: मोठे शिजेपर्यंत लहान कोळसा होतात. अर्धवट वाळलेलं मूळ भाजायला घेतलं तर वरून करपतं आणि आत ओलं राहतं.

जाडसर दळा. बारीक पूड केली तर तळाशी गाळ बसतो आणि गाळणी तुंबते. एका कपाला एक सपाट चमचा, ५ ते १० मिनिटं उकळून गाळा. यात कॅफीन नाही, तेव्हा झोप उडवायला घेत असाल तर उपयोग नाही. पहिल्यांदा एकच कप घ्या, इन्युलिनमुळे काहींच्या पोटात गॅस धरतो.

प्रतिसाद: मलमवाले

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात: पाणी. ताज्या फुलात बरंच पाणी असतं. ते तेलाच्या खाली किंवा कडेला साचतं आणि तिथेच बुरशी धरते. पण डँडेलियनच्या बाबतीत 'फुलं आधी कडकडीत वाळवा' हा नेहमीचा सल्लाही फसतो, कारण अख्खं फूल सावकाश वाळवलं की ते वाळताना बिया धरतं आणि ताटभर म्हातारी हाती येते! दोन मार्ग आहेत. एक, पूर्ण उमललेली ताजी फुलं दव सुकल्यावर काढून कागदावर एकेरी थरात २४ तास सुकवा, म्हणजे कोमेजतील पण फुटणार नाहीत. दुसरा, हिरवा देठकोष काढून फक्त पाकळ्या वाळवा. वेळखाऊ आहे, पण तेल जास्त टिकतं.

कोरड्या काचेच्या बरणीत फुलं पाऊण भरा आणि वर किमान २ सेंटिमीटर तेल राहील इतकं ओता. पहिला आठवडा झाकणाऐवजी तोंडाला कापड बांधा, म्हणजे उरलेली वाफ जाते. फुलं रोज काडीने खाली दाबा. जे फूल तेलाच्या वर डोकं काढतं त्यालाच आधी बुरशी लागते. ३-४ आठवड्यांनी गाळा, गाळल्यावर एक दिवस स्थिर ठेवा आणि तळाशी पाण्याचा थर दिसला तर वरचं तेलच घ्या. घाई असेल तर पाण्याच्या भांड्यात बरणी ठेवून, ६० अंशांच्या खाली, २-३ तास.

मलमासाठी १०० मिलिलिटर तेलाला १२ ते १५ ग्रॅम मधमाश्यांचं मेण लागतं, हवा गरम असेल तर १८-२०. मेण वितळलं की थेंबभर थंड बशीवर टाकून घट्टपणा बघा आणि मगच डब्या भरा. फाटलेल्या टाचा, कोरडे हात यांना हे छान. त्यातला मोठा वाटा तेल आणि मेणाचाच आहे, हे मात्र कबूल करू.

हे तेल पोटात घ्यायचं नाही. ओलसर वनस्पती हवाबंद तेलात ठेवणं म्हणजे बोटुलिझम या जीवघेण्या विषबाधेच्या जंतूला आयती जागा, आणि त्याच्या विषाला वास किंवा चव असेलच असं नाही.

प्रतिसाद: काढा_नको_पुरावा_द्या

चौथा प्रश्न. पारंपरिक वापर दोन: भूक मंदावणं व जेवणानंतरची जडपणाची तक्रार, आणि लघवी वाढवणं. युरोपात वनौषधी म्हणून नोंदलेलं प्रमाण असं आहे: वाळलेलं पान ४ ते १० ग्रॅम, उकळतं पाणी ओतून १० मिनिटं झाकून, दिवसातून तीनदा. मूळ आणि पाला एकत्र घेतला तर ३ ते ४ ग्रॅम उकळून, तेही तीनदा. दोन आठवड्यांत फरक नसेल तर थांबून डॉक्टरांना दाखवायचं. बारा वर्षांखालच्या मुलांना नको.

पुरावा किती? लघवीवरचा बहुधा सर्वांत जास्त सांगितला जाणारा मानवी प्रयोग २००९ चा. त्यात १७ निरोगी माणसांना ताज्या पानांचा अर्क एका दिवसात तीनदा दिला. पहिल्या मात्रेनंतरच्या पाच तासांत लघवीला जाण्याची वारंवारता वाढली, तिसऱ्या मात्रेनंतर फरक दिसला नाही. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. म्हणजे 'काहीतरी होतं' इतकंच म्हणता येतं. यकृत आणि कर्करोगाबद्दल जे फिरतं त्यातलं बहुतेक परीक्षानळी किंवा उंदरांपुरतं आहे.

टाळावं कुणी, हे जास्त महत्त्वाचं:

– वॉरफेरिन (रक्त पातळ ठेवणारं औषध) घेणाऱ्यांनी. १०० ग्रॅम कच्च्या पानांत सुमारे ७८० मायक्रोग्रॅम के जीवनसत्त्व असतं, म्हणजे प्रौढ माणसाच्या दिवसाच्या गरजेच्या सहापट. आज वाटीभर आणि मग पंधरा दिवस काहीच नाही, असं केलं की औषधाची मात्रा डळमळते.
– पित्तमार्गात अडथळा किंवा पित्ताशयात खडे असलेल्यांनी. पित्त जास्त स्रवलं तर कळ उठू शकते.
– मूत्रपिंड कमजोर असणाऱ्यांनी, आणि पोटॅशियम राखणाऱ्या लघवीच्या गोळ्या किंवा लिथियम घेणाऱ्यांनी. पानांत १०० ग्रॅमला जवळजवळ ४०० मिलिग्रॅम पोटॅशियम आहे.
– गाजरगवत, शेवंती यांची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी. कूळ तेच. चिकाने हाताला पुरळ येऊ शकतं.
– गरोदर आणि स्तनपान देणाऱ्यांनी, कारण सुरक्षिततेची पुरेशी माहितीच नाही.

चामखिळीवर चीक लावण्याला परंपरेपलीकडे आधार नाही.

अवांतर: चिकात रबर असतं, पण आपल्या साध्या डँडेलियनमध्ये उपयोगापुरतं नाही. १९३० च्या दशकात सोव्हिएत संघाने मध्य आशियातली त्याची दुसरी एक जात रबरासाठी लावली होती.

प्रतिसाद: खुरपं_आणि_पाटी

पाचव्याचं मी घेतो.

घोळ: सकाळी काढली तर आंबट, दुपारनंतर सौम्य. ती रात्री कार्बन डायऑक्साइड घेऊन मॅलिक आम्ल साठवते आणि दिवसा खर्च करते, म्हणून हा फरक. चवीप्रमाणे वेळ निवडा. ऑक्झॅलेट बरंच असतं, त्यामुळे मुतखड्याचा त्रास असेल तर नको, आणि इतरांनीही उकळून पाणी टाकलेलं बरं. हिच्यासारखीच जमिनीला चिकटून पसरणारी दुधी (हे तण, दुधी भोपळा नव्हे) याच जागी उगवते आणि ती खायची नाही. खोड मोडून बघा: घोळीचं गुबगुबीत असतं आणि नुसतं पाणी सुटतं, दुधीचं बारीक असतं आणि पांढरा चीक येतो. मूठभर काढताना एखादी काडी चुकून येतेच, तेव्हा निवडताना प्रत्येक काडी बघा.

प्लांटेगो: इसबगोलाचा रुंद पानांचा भाऊ. पानावर ५-७ ठळक शिरा बुडापासून टोकापर्यंत समांतर जातात आणि पान हळू फाडलं तर शिरांचे दोरे लोंबतात. पान लवदार आणि शिरांची जाळी असेल तर हात लावू नका, कारण डिजिटॅलिस या विषारी झाडाची पहिल्या वर्षाची पानंही अशीच जमिनीलगत येतात आणि ती हृदयाला घातक आहेत. १९९७ साली अमेरिकेत प्लांटेगो म्हणून विकलेल्या मालात डिजिटॅलिस निघालं होतं. वापर साधा: धुतलेलं पान कुटून कीटकाच्या चाव्यावर १५-२० मिनिटं ठेवा. उघड्या जखमेवर नको, पानावर मातीतले जंतू असतात.

बिच्छूबुटी: ही म्हणजे खाजकुयली नव्हे, ती वेल वेगळी. हातमोजे घालून फक्त शेंड्याची ४-६ पानं, फुलं यायच्या आधीची. उकळत्या पाण्यात एक मिनिट टाकली की काटेरी केस निकामी होतात. फुलोऱ्यानंतर पानांत कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक खडे तयार होतात, ते मूत्रमार्गाला त्रास देतात. तेव्हा झाड बुडाशी छाटा आणि नव्या फुटव्याची वाट पाहा. अंगाला लागलीच तर चोळू नका. चिकटपट्टी लावून ओढा, केस निघतात, मग साबणाने धुवा.

आणि जागा बघा. वर्दळीच्या रस्त्याकडेची, तणनाशक मारलेल्या हिरवळीवरची कुठलीच तणं तोंडात नकोत. हिरवळीवरची औषधं मुळात रुंद पानांच्या झाडांसाठीच मारलेली असतात.

हिरवळ_कंटाळा

मुळं वसंतातच काढली होती, म्हणजे तिथेच गाडं अडलं. उरलेला पाला थेट खतात टाकला तर चालेल का?

प्रतिसाद: कुजका_ढीग

थेट नको. डँडेलियनच्या मुळाचा दोन-तीन सेंटिमीटरचा तुकडाही फुटतो. साध्या डँडेलियनला बी धरायला परागीकरण बहुधा लागत नाही, त्यामुळे कोमेजू लागलेलं फूल ढिगावरही बी पक्कं करतं. घोळ तर उपटून मातीवर टाकली की पुन्हा मूळ धरते. मुळं उन्हात कडकडीत वाळवा किंवा महिनाभर पाण्यात बुडवून मारा, मग ढिगात टाका.

बी नसलेल्या पाल्याचं पातळ खत करा: चिरलेला पाला १ किलो, पाणी १० लिटर, प्लास्टिकची बादली (धातूची नको), सैल झाकण. रोज ढवळा. १० ते १४ दिवसांत फेस थांबला की तयार. गाळून मुळाशी घालायला एक भाग खताला १० भाग पाणी. त्याहून तीव्र घातलं तर कोवळी रोपं करपतात. कच्च्या खायच्या भाजीच्या पानांवर शिंपडू नका. वासाबद्दल आधीच सांगतो: बादली खिडकीपासून लांब ठेवा. बिच्छूबुटीची तर दुप्पट लांब.