लाल ठिपका शनीवर, दुर्बिणीत मात्र काळोख. फाइंडर बदलू का?

वावरवाला, ता. घाटंजी, जि. यवतमाळ

नमस्कार मंडळी. खेड्यात माझं कृषी केंद्र आहे, सोबत चार एकर वावर. मागच्या उन्हाळ्यात नागपूरच्या एका ओळखीच्या माणसाकडून ६ इंची डॉब घेतला, वापरलेला. डॉब म्हणजे साध्या बैठकीवर हातानं फिरवायची आरशाची दुर्बीण. आरसा १५० मिमी, फोकल लेंग्थ १२०० मिमी, सोबत २५ आणि १० मिमीचे दोन आयपीस, म्हणजे डोळा लावायची भिंगं; आकडा लहान तितकं मोठं दिसतं. नळीवर रेड डॉट फाइंडर, म्हणजे नेम धरायला काचेवर लाल ठिपका दाखवणारं छोटं साधन, आधीपासूनच बसवलेला होता. पावसाळाभर दुर्बीण देवघराच्या कोपऱ्यात चादर पांघरून उभी. घरची म्हणायची, देवाकडे पाठ करून कोण उभं राहिलं हे.

आता सोयाबीन निघालं, आभाळ मोकळं झालं, तर रोज रात्री आंगणात बसून राहिलो. वावरात अंधार जास्त आहे, पण टिपेश्वरचं वाघांचं जंगल जवळ. तिथं मान वर करून उभं राहिलं की मागून आपल्याला कोण पाहून राहिलं ते कळत नाही. म्हणून आंगणच बरं.

अडचण अशी. लाल ठिपका बरोबर शनीवर ठेवतो. २५ च्या आयपीसमध्ये शनी काठाला असतो, आणि दर वेळी त्याच एका बाजूला. १० चा लावला की गायब. शेजारची पोट्टी रांगेत उभी असतात, एकेक जण डोळा लावून म्हणतो, "काका, काळंच दिसते." चंद्र तेवढा सापडतो, पण चंद्राला फाइंडर लागतो कशाला?

दुसरं, ठिपका फार भडक आहे. एकदम कमी केला तरी बारीक तारा त्याच्याखाली झाकून जातो. देवयानी दीर्घिका आठ दिवस शोधली. तिसरं म्हणजे बंद करायचं विसरतो, दोन सेल गेले. आणि मला चष्मा आहे, सिलिंडरचा नंबरही आहे, त्यामुळे ठिपका गोल न दिसता झाडूसारखा फिसकटलेला दिसतो.

फाइंडर आणि दुर्बीण एकाच जागी पाहतील अशी जुळणी केली नाही असं नाही. दिवसाउजेडी, गावच्या पाण्याच्या टाकीवर जो पाइप आहे त्याच्या टोकावर केली.

एक दुकानदार फोनवर म्हणतो ८×५० घ्या, काटकोनी, म्हणजे बाजूनं डोळा लावायची छोटी दुर्बीणच फाइंडर म्हणून. दुसरा म्हणतो टेलरॅड घ्या, ठिपक्याऐवजी लाल वर्तुळं दाखवणारा फाइंडर. कापूस अजून घरातच आहे, भाव पाहून विकायचा आहे. तेव्हा पैसे जाणार असतील तर कामाला यावेत. काय करू?

मानेवाडा_नागपूर

काटकोनी ८×५० घ्या, विषय संपला. माझ्या गच्चीवरून नुसत्या डोळ्यांनी मोजून वीस-पंचवीस तारे दिसतात. रेड डॉट ठेवायचा तरी कशावर? ८×५० मध्ये ५० मिमीची काच, आठपट मोठं, एकदम पाच-सहा अंशांचं आभाळ दिसतं, आणि जे नुसत्या डोळ्याला दिसत नाहीत ते बारके तारेही दिसतात. ओढ्यातल्या दगडांवरून जावं तसं त्यांच्यावरून पाय टाकत जायचं. फक्त सरळ नळीवाला घेऊ नका, त्यात सगळं उलटं दिसतं, नकाशा डोक्यावर धरावा लागतो. काटकोनी घेताना सरळ प्रतिमेचा आहे ना ते विचारून घ्या, काहींत डावं-उजवं बदललेलं असतं.

मास्तरीण, वरुड

वावरवाले भाऊ, पैसे काढण्याआधी एक सांगा. पाण्याची टाकी तुमच्या आंगणापासून किती लांब आहे? आणि टाकीचा पाइप दुर्बिणीत स्पष्ट दिसत होता का?

वावरवाला

बाई, टाकी सत्तर-पंचाहत्तर फुटांवर असेल, आंगणाच्या समोरच. स्पष्ट दिसत नव्हता. फोकसर, म्हणजे आयपीस पुढं-मागं करायची नळी, पूर्ण बाहेर काढला, तरी नाही. मग आयपीस हातानं अर्धा बाहेर ओढून धरला तेव्हा कुठे पाइप ओळखू आला. पण त्याचा फाइंडरशी काय संबंध?

मास्तरीण, वरुड

सगळा संबंध तिथंच आहे. फोकसर पूर्ण बाहेर काढूनही पुरत नाही, म्हणजे वस्तू फारच जवळ आहे. दुर्बीण तुम्हाला सांगत होती, तुम्ही आयपीस ओढून तिला गप्प केलं.

आता हिशोब पाहा. नववीच्या पोरांकडून मी हा फळ्यावर करून घेते. रेड डॉटची काच तुमच्या नळीच्या मध्यरेषेपासून साधारण १५ सेंमी बाजूला असते. टाकी ७२ फूट धरा, म्हणजे २२ मीटर. १५ सेंमी अंतरावरच्या दोन नजरा २२ मीटरवर एका बिंदूला भिडवल्या, तर त्या समांतर राहिल्याच नाहीत. नाकासमोर बोट धरून पाहिलं की डोळे तिरळे होतात ना, तसं. हा तिरळेपणा येतो ०.३९ अंश. पूर्ण चंद्र अर्ध्या अंशाचा असतो, त्याच्या पाऊण भागाहूनही जास्त.

२५ मिमीला ४८ पट होते आणि साधारण एक अंश आभाळ दिसतं. मध्यापासून काठापर्यंत अर्धा अंश. म्हणून शनी काठाकडे, आणि नेहमी एकाच बाजूला. १० मिमीला १२० पट, आभाळ जेमतेम ०.४ अंश, मध्यापासून काठ ०.२ अंश. शनी ०.३९ वर बसलेला. पोरं खरंच बोलत होती, काळंच होतं.

हीच जुळणी एक किलोमीटरवरच्या वस्तूवर करा. चूक चंद्राच्या साठाव्या हिश्श्याएवढी उरते, ती कुणाला दिसतही नाही. मोबाइल टॉवरचं टोक उत्तम. आधी २५ चा आयपीस लावून टोक मध्यात आणा, मग १० चा लावून पुन्हा मध्यात. नळी हलू न देता फाइंडरचे स्क्रू फिरवून ठिपका त्याच टोकावर न्या. नळीला हात न लावता फाइंडर हलवायचा, हे वाक्य दारावर लिहून ठेवा. घाईत सगळे उलटं करतात. आणि सूर्य पाठीमागे असेल अशी वेळ धरा. दुर्बीण सूर्याच्या आसपासही फिरवू नका, आंगणात पोरं असतात म्हणून मुद्दाम सांगते.

रात्री एकदा ध्रुवावर तपासा. शनी १० मिमीच्या आयपीसमधून पावणेदोन मिनिटांत आरपार निघून जातो, त्याच्यावर स्क्रू फिरवता फिरवता तो पळालेला असतो. ध्रुव जागचा हलत नाही म्हटलं तरी चालेल. तुमच्याकडे तो क्षितिजापासून वीस अंशांवरच, हात लांब करून दोन मुठी. उत्तरेला कडुनिंब असेल तर आधी जागा शोधा.

मानेवाडाकर, तुमचं शहरापुरतं अगदी बरोबर आहे. पण घाटंजीकडे ज्याला उघड्या डोळ्यांनी शेकडो तारे दिसतात त्यानं आधी आठपट फाइंडर का घ्यावा? काटकोनीत डोळा घातला की आपण आभाळाच्या कोणत्या कोपऱ्यात आहोत तेच कळत नाही. मी दोन्ही वापरते, आणि दर वेळी आधी ठिपक्यानं जागा धरते.

मानेवाडा_नागपूर

मान्य. मीही काटकोनीत पाहण्याआधी नळीच्या बाजूनं एक डोळा लावून अंदाज घेतोच. पण डोक्यावरची गोष्ट पाहताना रेड डॉटच्या मागे मान कुठून घालायची? गुडघे टेकून, वर पाहत. माझी पन्नाशी झाली.

जागल्या, ब्रह्मपुरीकडचा

मास्तरीणबाईनं मोठं काम करून टाकलं, आता बारकं मी सांगतो.

भाऊ, ठिपका भडक हाये तं नवा कायले घेतं? माहाबी तसाच होता. आत जिथून लाल उजेड निघते तिथं बारीक एलईडी हाये. त्याच्या तोंडावर सेलोटेपचा तुकडा लाव अन् त्याले काळ्या मार्करनं रंगव. नाही पुरलं तं आणखी एक थर. समोरच्या काचेले काही करू नको, तिथून तं तुले तारे पाहाचे हायेत. माहा ठिपका आता इतला मंद हाये का आंगणातला बल्ब चालू असला तं दिसतच नाही. तसाच पाहिजे.

सेलचं सांगतो. फाइंडरच्या बटणाले लाल दोरा बांध अन् त्याचं दुसरं टोक नळीच्या झाकणाले. झाकण लावाले गेला का दोरा आडवा येते, आठवण होते. म्या हे तीन सेल खाल्ल्यावर केलं.

अन् दोन्ही डोळे उघडे ठेवजो. एक डोळा मिटून रेड डॉट पाहणारे लय हायेत. एका डोळ्यानं ठिपका, दुसऱ्यानं आभाळ, डोक्यात दोन्ही एकावर एक बसते.

देवयानीसाठी ठिपका कोण्या ताऱ्यावर ठेवाचाच नाही. भाद्रपदेचा मोठा चौकोन पाहा, त्याच्या उत्तर-पूर्वेच्या कोपऱ्यापासून दोन तारे पुढं मोज. दुसऱ्या ताऱ्यावरून शर्मिष्ठेकडं वळ, दोन बारके तारे लागतात. त्यातल्या दुसऱ्याच्या बाजूलेच तो पांढरा डाग. अंधारात तं उघड्या डोळ्यांनीबी दिसते, पण त्याच्याकडं सरळ पाहू नको, जरा बाजूले पाह्य. ठिपका तिथं रिकाम्या जागेत ठेव, मग २५ च्या आयपीसनं हळूहळू फिर.

टेलरॅड माह्यापाशी होता. वस्तू चांगली, अर्धा, दोन अन् चार अंशांची तीन वर्तुळं दिसतात, नकाशावर तशीच काढून अंतर मोजता येते. पण त्याचं बूड नळीले दोन बाजूच्या टेपनं चिकटवा लागते. आमच्या इकडच्या मे महिन्यात तो टेप पिघलला, अन् वस्तू फरशीवर. घेशील तं स्क्रूनं बसव. डॉबबी उन्हाळ्यात टिनाच्या खोलीत ठेवू नको.

थंडीत दहिवर पडते तवा फाइंडरची काच पांढरी होते. दुपट्ट्यानं पुसू नको, काचेवर रेघा पडतात. पाहून झालं का प्लास्टिकचा गिलास उपडा घालून ठेव.

मास्तरीण, वरुड

चष्म्याचं राहिलं. ठिपका दूरच्या वस्तूसारखा पाहायचा असतो, म्हणून दूरचा चष्मा लावूनच पाहा. चष्मा लावूनही झाडूसारखा दिसत असेल तर सिलिंडरचा नंबर बदलला असेल, तपासून घ्या. ठिपका मंद केला की फिसकटणंही बरंच कमी दिसतं. ८×५० घेतलाच तर त्याच्या पुढच्या काचेमागची कडी सैल करून काच फिरवली की फोकस बसवता येतो. साधा नंबर त्यात निघून जातो, सिलिंडर मात्र जात नाही.

वावरवाला

बाई, काल संध्याकाळी केलं. पांढरकवड्याच्या रस्त्याला एक टॉवर आहे, गच्चीवरून टोक दिसते, दीड किलोमीटर तरी असेल. आयपीस ओढावा लागला नाही, फोकसर मधेच थांबला. तेव्हाच समजलं.

रात्री ठिपका शनीवर ठेवला, २५ मध्ये बरोबर मधोमध. १० चा लावला, होता! पहिल्यांदा मीच पाहिला, पोट्ट्यांना नंतर दिला. शेजारची म्हातारी आली, बराच वेळ डोळा लावून होती, मग म्हणाली, याची साडेसाती माझ्या पोराला लागली तो हाच का. काय सांगू.

जागल्या भाऊ, बिलावर सही करायचा मार्कर वापरून दोन थर टेप लावला. देवयानी सापडली. धुरासारखी आहे, पण सापडली. ठिपका आता गोलही बराच दिसतो. काटकोनीचं कापूस विकल्यावर पाहू, मान सध्या तरी वळते आहे.

एकच राहिलं. टॉवरवर जुळवताना फाइंडरचा वर-खाली करणारा स्क्रू अगदी शेवटाला जाऊन थांबला. ठिपका नेमक्या टोकावर आला, पण पुढं थोडाही हलला तर आता फिरवायला जागा नाही.

जागल्या, ब्रह्मपुरीकडचा

फाइंडरचं बूड सैल कर. स्क्रू मधोमध आण. मग बुडाच्या पुढच्या किंवा मागच्या कडेखाली काडीपेटीच्या पुठ्ठ्याची पट्टी सारून पुन्हा आवळ. उलट्या कडेले घातली तं ठिपका आणखी दूर पळते, तवा समजजो दुसरीकडं पाहिजे होती.