घरशाळेचा जून

'शाळाच नाही, तर तुमच्या मुलांना जून आलेला कळतो तरी कसा?' या प्रश्नाला, जिथे मुलं घरीच शिकतात अशा आमच्या घरचं उत्तर: वासावरून. धाकट्याला बालभारतीच्या कोऱ्या पुस्तकांचा वास हवाच असतो. त्यामुळे यंदाही मराठी, गणिताची पुस्तकं आणली, खाकी कव्हरं घातली आणि लेबलवर 'शाळा'पुढे काय लिहायचं यावरून भावंडांची जुंपली. शेवटी त्याने 'स्वयंपाकघर' लिहिलं.

बाकी १५ जूनला आमच्याकडे काही सुरू होत नाही. (विदर्भातल्या शाळाही उन्हामुळे उशिराच उघडतात म्हणा.) पहिला पाऊस पडला की आठ-दहा दिवस बेडूक आणि गोगलगायी, वहीला हात नाही. थोरलीचं वेगळं. तिला एनआयओएसमधून (राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, शाळेत न जाता परीक्षा देता येते ते मंडळ) दहावी द्यायचीय, त्याला वयाची १४ वर्षं पूर्ण लागतात. ती आता झाली, तेव्हा भिंतीवर वेळापत्रक चिकटलंय.

जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणारी माझी वहिनी म्हणते, "तुमचं बरंय, आमचे पहिले पंधरा दिवस पटनोंदणी, आधार आणि गणवेशाच्या मापांत जातात." खोटं नाही. पण तिच्याकडे रडणाऱ्या पोराला गप्प करायला अख्खा वर्ग असतो. आमच्याकडे मीच.