स्पॅनिश मुलखात तुम्हाला कोणी काय लाडाने हाक मारली?

माद्रिदला येऊन आठवडा झाला होता. भाजीवाल्या मावशींनी टोमॅटोची पिशवी हातात ठेवत म्हटलं, "तोमा, कारिन्यो." घे गं लाडके! शब्दाचा मूळ अर्थ माया. मी लाजून चूर. तेवढ्यात मागच्या आजोबांनाही त्या तेच म्हणाल्या. तेव्हापासून अशा हाका वहीत टिपून ठेवते: तेसोरो म्हणजे खजिना, मी विदा म्हणजे माझं आयुष्य. अर्थ शब्दकोशात सापडतो. कोण, कोणाला, कुठल्या सुरात म्हणतं ते तिथे राहिल्यावरच उमगतं. तुमच्या वाट्याला आलेली हाक सांगा ना.

मेक्सिको सिटी
"पासेले, ग्वेरिता!" म्हणजे ये गं गोरे. मी सोलापूरची, चांगली सावळी. लहानपणी रंगावरून बरंच ऐकलंय, त्यामुळे पहिल्यांदा वाटलं टिंगल करतोय. पेरू न घेताच परतले. घरमालकीण म्हणाली, "मिहा, ते प्रत्येक गिऱ्हाइकाला म्हणतात." (मिहा म्हणजे माझी लेक. ही हाक मात्र ऐकताक्षणी आवडली.) आता ग्वेरितालाही हसून उत्तर देते. तरी गोरी म्हटलं की बाई खूश होणार हे धरून चालणं मला खुपतंच. आपल्याकडे तरी काय वेगळं आहे?

सेव्हिया
इथे 'मी आल्मा'चं 'मिआर्मा' होतं. माझा आत्मा! पाव देताना म्हणतात.

ब्वेनोस आइरेस
नवरा अर्जेंटिनाचा. मला 'गोर्दी' म्हणतो, म्हणजे जाडुले. माझं वजन 48 किलो! त्याची बहीण चांगली अंगाने भरलेली, तिला घरात 'फ्लाका', म्हणजे हडकुळी. देहाचा आणि हाकेचा काही संबंधच नाही. वडिलांना तो 'मी व्येखो' म्हणतो, माझा म्हातारा. हे मात्र मला शिकवावं लागलं नाही. साताऱ्याकडे माझे मामा आजीबद्दल "आमची म्हातारी" म्हणतात तेव्हा त्यांचा आवाज कसा मऊ होतो, ते ऐकलंय.
'नेग्रा', म्हणजे काळी, हाही इथे लाडाचा शब्द. थोर गायिका मेर्सेदेस सोसा यांना सगळा देश 'ला नेग्रा' म्हणायचा.

मोंतेविदेओ
वरच्या शब्दावरून सांगतो. 2020 मध्ये उरुग्वेचा फुटबॉलपटू एदिन्सोन कावानी मँचेस्टर युनायटेडकडून खेळत होता. अभिनंदन करणाऱ्या मित्राला त्याने इन्स्टाग्रामवर लिहिलं, "ग्रासियास, नेग्रितो." इंग्लिश फुटबॉल संघटनेने तीन सामन्यांची बंदी घातली, वर एक लाख पौंड दंड. इथली माणसं फार दुखावली. शब्द प्रेमाचाच होता याबद्दल मला शंका नाही. पण माझ्या ओळखीच्या एका कृष्णवर्णीय मित्राला तो अनोळखी माणसाच्या तोंडून नको वाटतो, आणि त्याचं म्हणणं मला पटतं.

लिमा
बैठकीत वरिष्ठाने 'मी रेइना', माझी राणी, म्हटलं. बाजारातल्या आजींनी म्हटलं असतं तर चाललं असतं. त्याला सांगितलं, नावाने हाक मार. थांबला.

बोगोता
'सुमेर्से'! मुळात 'सु मेर्सेद', म्हणजे आपली कृपा. मालकाला, साहेबाला म्हणायचं. बोयाका भागात तोच शब्द पार मायेचा झालाय. सहकाऱ्याची आई सूप वाढताना म्हणते, "कोमा, सुमेर्से." कित्येक घरांत पोरांनाच काय, कुत्र्यालाही 'उस्तेद', म्हणजे अहो-जाहो. माझी आजी नातवाला "या राजे, बसा, जेवा" म्हणायची, अगदी तसंच.

न्यू यॉर्क, वॉशिंग्टन हाइट्स
आमच्या भागात डॉमिनिकन कुटुंबं पुष्कळ. लेकाला सांभाळणाऱ्या ताई त्याला 'पापी' म्हणतात. तिकडे आई मुलालाच लाडाने 'बाबा' म्हणते आणि मुलीला 'मामी'. माझी आई भारतातून आली होती. दाराशी ऐकलं आणि तिचा चेहराच उतरला. "एवढ्याशा लेकराला पापी का म्हणते गं ती? काय पाप केलंय त्यानं?" मी समजावलं, "आई, अगं तू नाही का याला 'माझा बाबा तो' म्हणत?" ती जरा वेळ गप्प राहिली. दुसऱ्या दिवशी ताईंनी दार उघडून "पापी!" म्हटल्यावर आईने नातवाला उचललं, त्यांच्यापुढे धरलं आणि चक्क मराठीत म्हणाली, "दे रे, मावशीला एक पापी दे."
त्याने दिली.