मंचर ते चाकण रोजचा प्रवास: जुनी १०० सीसी मोटारसायकल ठेवावी की सीएनजीची घ्यावी?

प्रश्न (मंचरकर):
मी चाकण औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात कंत्राटी कामगार आहे. पुणे-नाशिक महामार्गाने २०१६ च्या १०० सीसी मोटारसायकलवर माझे रोज जाऊन-येऊन साधारण ६० किलोमीटर होतात. मे २०२१ मध्ये मुंबईत पेट्रोलने शंभरी ओलांडली आणि नंतर करकपात होऊनही आपल्याकडचा दर त्याखाली आलेला नाही. त्यातच गाडीचे अॅव्हरेज पूर्वी ६० होते, ते आता ५० वर आले आहे. कंपनीची बस वाटेतल्या राजगुरुनगरपर्यंतच येते. कर्ज काढून सीएनजीची मोटारसायकल घ्यावी का, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर (जुना फिटर):
आधी हिशेब मांडावा. पेट्रोल १०५ रुपये धरले, तर ५० च्या अॅव्हरेजने रोजचे १२६, म्हणजे २६ दिवसांचे सुमारे ३,२७५ रुपये होतात. सीएनजी ९० रुपये किलो आणि किलोला ८० किलोमीटर धरले, तर तेच अंतर महिन्याला १,७५५ रुपयांत होईल. वाचतील दीड हजार. परंतु लाखाच्या आसपासच्या गाडीचा तीन वर्षांचा हप्ता अडीच ते तीन हजारांच्या खाली बसणे कठीण आहे. म्हणजे कर्ज फिटेपर्यंत आपला मासिक खर्च वाढेलच. उलट जुनी गाडी पुन्हा ६० वर आणली, तर हप्त्याशिवाय साडेपाचशे रुपये वाचतात.

त्यासाठी गाडी मेन स्टँडवर लावून, न्यूट्रलमध्ये दोन्ही चाके हाताने फिरवून पाहावीत. चाक मोकळे फिरत नसेल तर ब्रेक शू घासत आहेत किंवा बेअरिंग गेले आहे, असे समजावे. चेन अति ताणलेली नसावी आणि तिला नियमित तेल द्यावे. या पट्ट्यात धूळ फार असल्यामुळे एअर फिल्टर लवकर चोंदतो. टॅपेट (इंजिनाच्या व्हॉल्व्हची फट) आणि कार्बोरेटर जाणत्या मिस्त्रीकडूनच सेट करून घ्यावेत. टायरमधील हवा आठवड्याला तपासावी, शक्यतो सकाळी टायर थंड असताना. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वेग: हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे महामार्गावर ७० ऐवजी ५० ने चालवल्यास फरक पहिल्याच टाकीत दिसेल.

२० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमुळेही अॅव्हरेज काहीसे घटते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात जुन्या दुचाकींसाठी ही घट ३ ते ४ टक्के मांडली होती. तेव्हा आपल्या गाडीची संपूर्ण घट इथेनॉलच्या माथी मारता येणार नाही. दोष बहुधा गाडीतच सापडेल.

उत्तर (भोसरीचा सीएनजीचालक):
माझी बजाज फ्रीडम आहे. सिलिंडर २ किलोचा आणि पेट्रोलची टाकी २ लिटरची असल्याने गॅस संपला तरी अडचण होत नाही, आणि गॅसवर किलोमीटरचा खर्च निश्चितच कमी येतो. मात्र पंपावर रिक्षा आणि टेम्पोंच्या रांगेत थांबावे लागते. पहिली पाळी असलेल्या माणसाने हा वेळ हिशेबात धरलाच पाहिजे. जुनी गाडी मोडीत काढण्याजोगी झाली असेल, तरच घ्यावी.

उत्तर (राजगुरुनगरकर):
वरील सल्ला योग्य आहे, परंतु सगळा भार कामगाराच्या काटकसरीवर टाकणे मला मान्य नाही. केंद्राचे उत्पादन शुल्क लिटरमागे ठरावीक रकमेचे असते, तर राज्याचा व्हॅट टक्केवारीने लागतो. म्हणून तेल महागले की व्हॅटची रक्कमही आपोआप वाढते. नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्राने ५, मे २०२२ मध्ये ८ आणि जुलै २०२२ मध्ये राज्याने ५ रुपये कमी केले, हे खरे आहे. परंतु एप्रिल २०२५ मध्ये कच्चे तेल स्वस्त झाले असताना केंद्राने शुल्क २ रुपयांनी वाढवले आणि पंपावरचा दर तसाच राहिला. ज्याच्या गावाला पाळीच्या वेळी बस नाही, त्याला पेट्रोल कमी जाळण्याचा पर्यायच नसतो, आणि हा कर त्यालाच सर्वाधिक जाचतो. मंचर, पेठ आणि अवसरीकडून येणाऱ्या कामगारांनी सह्यांचे निवेदन देऊन बस मंचरपर्यंत वाढवण्याची मागणी व्यवस्थापनाकडे करावी. तोवर एकाच पाळीतील दोघांनी आळीपाळीने एकाच गाडीवर जावे, खर्च जवळपास निम्म्यावर येईल.

मंचरकर:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. आज मागचे चाक फिरवून पाहिले, ते खरोखरच जड फिरते. कर्जाचा विचार तूर्त बाजूला ठेवून रविवारी ब्रेक आणि टॅपेटचे काम करून घेतो. निवेदनासाठी आमच्या पाळीतील सहकाऱ्यांशी बोलणे सुरू केले आहे. कंत्राटी कामगारांच्या सह्या ग्राह्य धरतात का, याचा कोणाला अनुभव असल्यास कृपया सांगावा.